लॅपटॉपमधलं साडेपाच तासांचं भांडण कुठून आलं?

परभणीहून एकांनी विचारलं आहे. त्यांचं सेवा केंद्र आहे. तिथल्या एका लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेल्या आहेत. उबुंटूवर काम करून पुन्हा विंडोज सुरू केलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागं गेलेलं असतं. दुरुस्तीवाल्यानं दोनदा सेल बदलून दिला, पैसे घेतले, फरक शून्य. आणि शेवटी त्यांनी जे विचारलं आहे तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं: "आपल्या देशात तर सगळीकडे एकच वेळ. मग कॉम्प्युटरच्या मागं हे टाइम झोनचं लचांड लावलं कुणी, आणि कशासाठी?"

आधी सेलबद्दल. घड्याळ किती चुकतंय या आकड्यावरूनच रोग कळतो. वेळ रोज थोडी थोडी मागं पडत असेल, किंवा लॅपटॉप बंद केल्यावर तारीख थेट जुन्या वर्षावर जात असेल, तर सेलवर संशय घ्या. साडेतेरा तासांचा फरक असेल (उन्हाळ्यात साडेबारा), तर विंडोज टाकताना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ तशीच राहून गेली आहे. आणि फरक मिनिटाचाही इकडंतिकडं न होता साडेपाच तासांचा असेल, तर यंत्रात बिघाड नाही. एकच आकडा दोघं जण दोन अर्थांनी वाचत आहेत. तुमच्याकडे हेच चाललंय.

हे दोघं कोण ते सांगतो. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. वीज नसताना सेलवर चालतं ते हेच. त्यात सेकंद, मिनिटं, तास, वार, तारीख, महिना, वर्ष असे आकडे असतात. पण ही वेळ कुठली, भारताची की ग्रिनिचची, हे लिहायला त्यात जागाच नाही. लिनक्स धरून चालतो की आकडे जागतिक प्रमाणवेळेचे, म्हणजे यूटीसीचे आहेत. विंडोज धरून चालतं की आकडे भिंतीवरच्या घड्याळाचे आहेत. सकाळी 11 वाजता उबुंटू त्या घड्याळात 5:30 लिहून ठेवतो, कारण तेव्हा यूटीसीप्रमाणे पहाटेचे साडेपाचच झालेले असतात. पाच मिनिटांनी विंडोज उठतं, त्याला 5:35 दिसतात आणि ते तसेच पडद्यावर येतात. मग इंटरनेटवरून वेळ जुळवून विंडोज तिथं 11:10 लिहितं. पुन्हा उबुंटू सुरू केला की तो त्यात साडेपाच तास मिळवतो आणि दुपारचे 4:40 दाखवतो. आपापल्या समजुतीप्रमाणे दोघंही बरोबर आहेत.

ही समजूत वेगळी का झाली, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी गेली वीसेक वर्षं सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो, बहुतेक मराठवाड्यातच. वेळेच्या तक्रारी जेवढ्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबल्या: ही सिस्टिम बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक टेबल होतं, की लांब लांब बसलेली अनेक माणसं?

1960 च्या दशकात अमेरिकेत मल्टिक्स नावाची सिस्टिम तयार झाली. एका मोठ्या यंत्रावर टेलिफोनच्या तारेनं अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, हीच तिची कल्पना. तिचं घड्याळ 1 जानेवारी 1901 च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून मायक्रोसेकंद मोजायचं. आत फक्त मोजणी ठेवायची. स्थानिक वेळ माणसाला दाखवताना काढायची. मल्टिक्सवर काम केलेल्या मंडळींनीच बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तिच्या 1971 च्या पहिल्या माहितीपुस्तकात वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेली आहे, 1 जानेवारी 1971 पासून. पण 32 बिटांत एवढी बारीक मोजणी सव्वादोन वर्षांतच भरून जाते. म्हणून आरंभबिंदू पुढं सरकवत राहावा लागला आणि शेवटी 1 जानेवारी 1970 पासून पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं. आज तुमच्या फोनमध्ये हीच मोजणी चालू आहे. एखाद्या पोर्टलवर अर्जाची तारीख '1 जानेवारी 1970, सकाळी 5:30' अशी दिसली तर दचकू नका. तिथं तारीख भरलेलीच नाही, आत शून्य आहे. ग्रिनिचला शून्य सेकंद झाले तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे आतली मोजणी पहिल्यापासून जगासाठी एकच होती. घोळ झाला तो ती माणसाला दाखवण्याच्या टप्प्यावर. युनिक्सच्या 1975 च्या सहाव्या आवृत्तीत 'ग्रिनिचपासून पाच तास' हा आकडा प्रोग्रामच्या मजकुरातच लिहिलेला होता, कारण बेल लॅब्ज न्यू जर्सीत. दुसऱ्या गावच्या माणसानं तो आकडा बदलायचा आणि प्रोग्राम पुन्हा बांधायचा. त्याच्याच शेजारी अमेरिकेतला उन्हाळी वेळेचा, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करण्याचा नियमही बसवलेला होता. 1973 च्या तेलसंकटानंतर वीज वाचवायला तिथल्या सरकारनं उन्हाळी वेळ 1974 मध्ये जानेवारीतच आणि 1975 मध्ये फेब्रुवारीत सुरू केली. तर त्या दोन वर्षांसाठी प्रोग्राममध्ये वेगळा तक्ता घालावा लागला. तेलाच्या टंचाईमुळे सरकारनं घेतलेला निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात जाऊन बसला. मला हे उदाहरण फार बोलकं वाटतं. सेकंद मोजणं हे भौतिकशास्त्र आहे, पण किती वाजले हे सरकार ठरवतं. कॉम्प्युटरला दोन्ही सांभाळावं लागतं आणि दुसऱ्या गोष्टीचा आधी कुणी फारसा विचारच केलेला नव्हता.

पुढची पायरी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीची. युनिक्सच्या सिस्टिम थ्री या आवृत्तीत 'टीझेड' नावाचं सेटिंग आलं. आता प्रोग्रामला हात न लावता, प्रत्येकाला आपली वेळ एका छोट्या ओळीत सांगता येऊ लागली. त्यात एक खोच आहे, जिच्यात आजही नवी पोरं अडकतात. ही पद्धत अमेरिकेत जन्मली, म्हणून ग्रिनिचच्या पश्चिमेकडचे तास अधिक आणि पूर्वेकडचे उणे. भारतासाठी 'आयएसटी' लिहून पुढं उणे साडेपाच लिहावं लागतं. अधिक साडेपाच लिहिलं की घड्याळ तब्बल अकरा तास चुकतं. कुठं अकराचा फरक दिसला तर मी पहिल्यांदा हे चिन्ह बघतो.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सनं 1983 मध्ये वेगळा मार्ग धरला. ग्रिनिचच्या पश्चिमेला किती मिनिटं हा आकडा कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात ठेवायचा (आपल्यासाठी उणे 330) आणि उन्हाळी वेळेच्या नियमांना क्रमांक द्यायचे: अमेरिका 1, ऑस्ट्रेलिया 2, मग युरोपचे प्रकार. मिनिटांत मोजल्यामुळे आपल्या अर्ध्या तासाची सोय झाली, हे बरं झालं. पण देशांचे कायदे क्रमांक देऊन कर्नलमध्ये बसवणं टिकणार नव्हतंच. 1986 मध्ये अमेरिकेनं कायदा बदलला आणि 1987 पासून उन्हाळी वेळ एप्रिलच्या शेवटच्या रविवारऐवजी पहिल्या रविवारी सुरू होऊ लागली. जिथं जिथं नियम प्रोग्राममध्ये गोठवलेला होता, तिथं तिथं दुरुस्ती करत बसावं लागलं.

त्याच सुमारास आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी प्रोग्रामरनी नियम प्रोग्राममधून बाहेर काढून माहितीच्या फाइलमध्ये ठेवले. कायदा बदलला तर फाइल बदला, प्रोग्रामला हात लावू नका. शिवाय त्या फाइलमध्ये पूर्वीचे नियमही राहतात, त्यामुळे 1974 मधली वेळ 1974 च्या कायद्यानं निघते. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच. पुढं पॉल एगर्ट यांनी ते काम सांभाळलं आणि विभागांना देशांऐवजी शहरांची नावं देण्याची पद्धत रूढ झाली. देश फुटतात, जुळतात, नावं बदलतात. शहर आहे तिथंच राहतं. म्हणून परभणीतल्या लॅपटॉपवरही 'आशिया/कोलकाता' दिसतं. आपल्या विभागातलं मोठं शहर म्हणून ते निवडलं, बाकी काही नाही. शहराचंही नाव बदललंच, म्हणून जुनं 'कलकत्ता' त्या यादीत जोडनाव म्हणून ठेवलेलं आहे आणि काही ब्राउझर आजही तेच सांगतात.

त्या फाइलमध्ये भारताच्या ओळी वाचायला मिळाल्या तर जरूर वाचा. 1906 च्या 1 जानेवारीपासून साडेपाच तास, त्याआधी मद्रासची वेळ, म्हणजे 5 तास 21 मिनिटं 10 सेकंद. दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या सप्टेंबरपासून 1945 च्या 15 ऑक्टोबरपर्यंत, घड्याळं एक तास पुढं, साडेसहावर. म्हणजे 'आपल्या देशात एकच वेळ' हे आज खरं आहे, पण नेहमीच तसं नव्हतं. मुंबईत तर 1955 पर्यंत काही ठिकाणी मुंबईची जुनी वेळ चालायची. ती या फाइलमध्ये सापडणार नाही, कारण विभाग पाडताना 1970 नंतर जिथं वेळ एकसारखी राहिली तो सगळा एक विभाग धरलेला आहे. जुन्या माणसाची पत्रिका काढणारा कुणी तुमच्या केंद्रात आला आणि 1970 च्या आधीची जन्मवेळ घेऊन बसला, तर सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. ज्योतिषाशी या फाइलचा आणखी एक संबंध आला होता. 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका ज्योतिष सॉफ्टवेअर कंपनीनं जुन्या वेळांच्या माहितीवर हक्क सांगत ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा लावला. तो पुढं मागं घेतला गेला, पण तेव्हापासून ही फाइल सांभाळण्याची जबाबदारी इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनं उचलली आहे.

सूर्याच्या हिशोबानं पाहिलं तर आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची आहे. परभणीचा सूर्य तिच्या साधारण 23 मिनिटं मागं चालतो, छत्रपती संभाजीनगरचा 29 मिनिटं. संभाजीनगर आणि नांदेड यांच्यातच आठ मिनिटांचा फरक पडतो. प्रत्येक गावानं आपापला सूर्य धरला असता तर मनमाड-काचीगुडा मार्गावर गाडीचं वेळापत्रक छापणं मुश्किल होतं. टाइम झोन आधी रेल्वे आणि तारेसाठी आले. कॉम्प्युटरला ते तयारच मिळाले.

आता दुसरी बाजू, एका टेबलवाल्यांची. 1981 चा आयबीएम पीसी एका माणसानं, एका खोलीत, एका टेबलावर वापरायचा होता. त्यात सेलवरचं घड्याळच नव्हतं. सुरू केला की डॉस ही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम तारीख आणि वेळ विचारायची. माणूस मनगटावर बघून टाकणार ती भिंतीवरचीच वेळ. ग्रिनिच त्याला कशाला हवं? फ्लॉपीवरच्या फाइलवरही तीच वेळ लागायची. त्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर आजही तशीच लागते. 1984 च्या पीसी एटी या पुढच्या मॉडेलमध्ये मोटोरोलाची घड्याळ-चिप आली. माणूस लावून देईल ती वेळ तिनं सेलवर चालू ठेवायची. तिच्यात उन्हाळी वेळेचा एक बिट होता: तो चालू केला की एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चिप आपली आपण तास फिरवायची. अमेरिकेचा कायदा थेट सिलिकॉनमध्ये कोरलेला. कायदा बदलला, चिप कशी बदलणार? पण आपली वेळ कुठली आहे हे लिहायची जागा मात्र त्या चिपमध्ये ठेवली गेली नाही. तुमचा सगळा त्रास त्या न ठेवलेल्या जागेचा आहे.

1993 मध्ये आजच्या विंडोजचा पाया असलेलं विंडोज एनटी आलं आणि आतून यूटीसीच धरू लागलं. त्याची मोजणी सन 1601 पासून आहे. पण मदरबोर्डवरच्या घड्याळात भिंतीचीच वेळ ठेवायची हा डॉसचा रिवाज त्यांनी मोडला नाही, कारण त्याच मशिनवर लोकांचं डॉस आणि जुनं विंडोजही असायचं आणि त्यांची घड्याळं चुकली असती. म्हणजे आज तुमचं जे भांडण विंडोज आणि उबुंटूमध्ये चाललंय, ते टाळण्यासाठीच तो रिवाज राखला होता, फक्त शेजारी वेगळा होता. लिनक्सनं युनिक्सचा वारसा घेतला आणि यूटीसी लिहीत राहिला.

आता उपाय. दोन आहेत, आणि कुठला घ्यायचा हे तुम्ही काय जास्त वापरता यावर अवलंबून आहे.

मी स्वतः विंडोजला यूटीसी शिकवतो. विंडोजची आतली सेटिंग जिथं साठवलेली असतात तिला रजिस्ट्री म्हणतात. प्रशासकाच्या खात्यावरून रजिस्ट्री एडिटर उघडा. लोकल मशिन, त्यात सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि शेवटी टाइम झोन इन्फर्मेशन इथंपर्यंत जा. तिथं 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' हे चार शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून, या नावाची डीवर्ड प्रकारची नोंद करा आणि किंमत 1 द्या. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. मशिन पुन्हा सुरू करा आणि सेटिंगमधून वेळ एकदा इंटरनेटशी जुळवा.

दुसरा उपाय उलटा: उबुंटूला भिंतीची वेळ मान्य करायला लावायची. टर्मिनलमध्ये टाइमडेट-सीटीएल (timedatectl) या आज्ञेला 'सेट-लोकल-आरटीसी 1' (set-local-rtc 1) सांगायचं. नुसती टाइमडेट-सीटीएल ही आज्ञा दिली की हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर आहे की नाही, हे एका ओळीत दिसतं. या सेटिंगवर लिनक्स इशारा देतो आणि तो खोटा नाही. अमेरिकेत किंवा युरोपात उन्हाळी वेळ बदलते त्या रात्री दोन्ही सिस्टिम आपापल्या परीनं एकेक तास फिरवतात आणि घड्याळ दोन तास सरकतं. आपल्याकडे घड्याळ वर्षात दोनदा फिरवायची पद्धत नाही, त्यामुळे भारतात हा धोका जवळपास राहत नाही. लॅपटॉप केंद्राचा आहे, विंडोज रोज आणि उबुंटू कधीतरी, आणि रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटते, तर हा उपाय बिनदिक्कत करा. फक्त दोन्ही उपाय एकदम करू नका, नाहीतर भांडण उलट्या दिशेनं पुन्हा सुरू होईल.

'साडेपाच तास चुकले तर काय बिघडतं' असं तुमच्या दुरुस्तीवाल्यासारखं कुणी म्हणेल, म्हणून एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या काट्यावरचं काम माझ्याकडे आलं. गळीत हंगाम ऐन भरात, गव्हाणीपुढं ट्रॅक्टरांची रांग, काटा रात्रंदिवस चालू. शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीवर 12 तारीख आणि बिलाच्या यादीत तीच खेप 11 तारखेला, अशा तक्रारी येत होत्या. काट्यावरचा कारकून वैतागून म्हणाला, "साहेब, रातचा ऊस आदल्या दिवशी कसा काय लागतोय?" सगळे काट्यावरच्या कॉम्प्युटरवर संशय घेत होते. मी चुकलेल्या पावत्या मागवल्या आणि नुसत्या वेळा वाचत गेलो. एकूणएक पावती रात्री बारा ते पहाटे साडेपाच या दरम्यानची. साडेपाचनंतरची एकही चुकलेली नव्हती. सर्व्हरवर वेळ यूटीसीत साठवलेली होती, जी योग्यच होती. पण अहवाल लिहिणाऱ्यानं भारताची वेळ काढण्याआधीच तारीख तोडून घेतली होती. एका ओळीची दुरुस्ती. पण तोपर्यंत कितीतरी शेतकऱ्यांनी पावती घेऊन कार्यालयात हेलपाटे घातले होते आणि त्यांना 'तुमचीच पावती चुकीची' असं ऐकून घ्यावं लागलं होतं. ते मला अजून सलतं.

तुमच्या केंद्राशी थेट संबंध असलेलं याचंच दुसरं रूप म्हणजे जन्मतारीख एक दिवस मागं जाणं. अर्जात 15 जून भरली, छापून 14 जून आली. सॉफ्टवेअरनं 15 जूनची आपली मध्यरात्र यूटीसीत बदलली, ती 14 जूनचे सायंकाळी 6:30 झाली, आणि पुढच्या कुणीतरी वेळ टाकून नुसती तारीख उचलली. फाइलमध्ये कुठंही '18:30' असा आकडा पुन्हा पुन्हा दिसला तर समजा की हेच झालंय. जन्मतारीख हा घड्याळावरचा क्षण नाही, ती कागदावरची तारीख आहे. तिला टाइम झोन लावायचाच नसतो. काट्यावरची खेप हा क्षण आहे, तो यूटीसीत ठेवायचा आणि दाखवताना आपल्या वेळेत दाखवायचा. असा घोळ तुमच्याकडच्या एखाद्या पोर्टलवर दिसला तर तक्रारीत 'तारीख चुकते' एवढंच लिहू नका. भरलेली तारीख, आलेली तारीख आणि किती वाजता भरली, हे तिन्ही लिहा. समोरचा माणूस जाणकार असेल तर त्याला पुढं काही विचारावं लागणार नाही.

तुमच्या लॅपटॉपसाठी: आधी वरच्यापैकी एक उपाय करा, मग उबुंटू, विंडोज, उबुंटू, विंडोज असं चार वेळा सुरू करून दर वेळी फोनशी वेळ ताडून बघा. मध्ये इंटरनेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज गुपचूप वेळ जुळवून घेईल आणि उपाय लागू पडला की नाही ते कळणारच नाही. तरीही फरक राहिला तर नेमके किती तास आणि किती मिनिटं, कुठल्या सिस्टिमवर, पुढं की मागं, एवढं इथं लिहा.